तंबोऱ्यातली टिकटिक: डॅट टेप संगणकावर उतरवताना सापडलेले दोष

मिरजेतल्या एका निवृत्त संगीतशिक्षकांकडे घरगुती बैठकींच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा आहे. जुन्या बैठकी कॅसेटवर, आणि १९९०च्या दशकातल्या बऱ्याचशा डॅटवर. डॅट म्हणजे सोनीने १९८७ साली आणलेली, कॅसेटपेक्षा लहान अशी डिजिटल टेप. १६ बिट, आणि सेकंदाला ४८,०००, ४४,१०० किंवा ३२,००० सॅम्पल. सॅम्पल म्हणजे आवाजाचं त्या क्षणाचं माप, आकड्यात लिहिलेलं. २००५मध्ये सोनीने डॅट यंत्रं बनवणं थांबवलं. ज्यांच्या घरी अजून चालू डेक, म्हणजे टेप वाजवणारं यंत्र, आहे त्यांनी टेप उतरवायचं काम पुढे ढकलू नये, असं मी भेटेल त्याला सांगतो. सरांच्या घरी ते ढकललेलं नव्हतं. नातवाने डेक संगणकाला जोडून काही टेप उतरवल्याही होत्या. त्या फायली ऐकून सर अस्वस्थ झाले आणि त्यांनी मला बोलावलं.

"अरे, गाणं राहू दे बाजूला. आधी नुसता तंबोरा ऐक," असं म्हणून त्यांनी फाईल लावली.

गायिका बसायच्या आधीचा, जवारी, म्हणजे तारांचा झंकार, तपासतानाचा तंबोरा. त्याच्या आसेखाली अगदी बारीक 'टिक' ऐकू येत होती. साधारण तीन सेकंदांनी पुन्हा एक. मग पुन्हा. तबला सुरू झाला की ती सापडेनाशी व्हायची, पण कान एकदा तिच्यावर गेला की आलापाच्या प्रत्येक विरामात ती हजर. एक गोष्ट तिथेच लक्षात आली: ही टिक लयीशी, स्वराशी, आवाजाच्या लहानमोठेपणाशी कशाशीच बांधलेली नव्हती. टेप खराब असती तर आवाज अनियमित तुटला असता. इतकी नियमित टिक टेपवर नसते, जोडणीत असते.

"आणि दुसरं," सर म्हणाले, "त्या बाई त्या दिवशी काळी चारमध्ये गात होत्या. पेटीवर मीच होतो. आता ही दुसरी फाईल कुठल्या पट्टीत आहे ते सांग मला."

मी पेटी ओढली. सूर काळी तीनच्या वर आणि पांढरी पाचच्या खाली, दोन्हींच्या मधे लोंबकळत होता. तिसरी तक्रार त्यांनी केली नाही, पण मला पडद्यावर दिसत होती: सगळ्या फायलींची लेव्हल फार खाली, आणि लेव्हल वाढवली की मागून बारीक गुणगुण. डिजिटल टेपवरून डिजिटल वायरने आलेल्या फाईलमध्ये विजेची गुणगुण असायचं काही कारण नाही.

म्हणजे तीन वेगळे दोष होते. ते तिन्ही संगणकातल्या एकाच साउंड कार्डाच्या सेटिंगमधून आले होते. कार्ड उत्तम होतं, डेकही, टेपही.

जोडणी

कार्ड एन्व्ही२४ चिपवर चालणारं, पीसीआय खाचेत बसणारं जुनं कार्ड. ही चिप ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी आजही मला आवडते, कारण ती काय करते ते स्पष्ट दिसतं. डॅट डेकच्या कोअ‍ॅक्सिअल आउटमधून वायर कार्डाच्या एस/पीडीआयएफ इनमध्ये येत होती. कार्डाच्या एस/पीडीआयएफ आउटमधून दुसरी वायर परत डेकच्या डिजिटल इनमध्ये गेली होती. कॅसेट डेक कार्डाच्या लाइन इनला. अ‍ॅम्प्लिफायर या सगळ्यांना जोडलेला.

एस/पीडीआयएफ ही सोनी आणि फिलिप्सची जोडणी, आयईसी ६०९५८ या प्रमाणात बसवलेली. म्हणून काही पॅनेलमध्ये तिचं नाव जुन्या आकड्यासह 'आयईसी ९५८' असं दिसतं आणि लोक गोंधळतात. ती तांब्याच्या वायरीवरून जाते किंवा प्रकाशाच्या वायरीवरून. तांब्याची वायर ७५ ओहमची हवी. टीव्हीच्या व्हिडिओसाठी पिवळ्या टोकाची जी वायर मिळायची ती याच मापाची असल्यामुळे मीटर-दोन मीटरसाठी छान चालते. नातवाने तीच लावली होती. वायर बदलायची गरज नव्हती, आणि महागडी 'डिजिटल' वायर आणून टिक गेली नसती.

महत्त्वाची गोष्ट ही की या वायरीतून ध्वनीबरोबर क्लॉकही, म्हणजे सॅम्पलांची लयही, जातं. स्वतंत्र क्लॉकची वायर नसते. येणाऱ्या बिटांच्या चालीवरूनच घेणाऱ्याने वेग ओळखायचा असतो. ४८,०००च्या टेपेला सेकंदाला ३०,७२,००० बिट या वायरीतून येतात.

पट्टी का उतरली

हा भाग सोपा आहे. ४८,००० सॅम्पलची टेप ४४,१००च्या फाईलमध्ये एकही सॅम्पल न बदलता भरली, की वाजताना ती त्या प्रमाणात हळू वाजते. सूर सुमारे दीड श्रुती नव्हे, दीड अर्धस्वर उतरतो, आणि तासाची बैठक ६५ मिनिटं १८ सेकंदांची होते. काळी चारमधून दीड पट्टी खाली आलं की नेमकं काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधे येतं. सरांच्या पेटीने आकडाच सांगितला होता.

कार्डाच्या पॅनेलमध्ये 'रेट लॉक्ड' वर खूण होती आणि वेग ४८,०००वर अडकवलेला होता. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये मात्र काही दिवस ४४,१०० निवडलेलं. कार्ड आपल्या वेगाने सॅम्पल देत राहिलं, प्रोग्रॅमने त्यावर चुकीचं लेबल लावलं. अशी फाईल दुरुस्त करताना वेग 'बदलायचा' नसतो, म्हणजे रीसॅम्पल करायचं नसतं. फक्त फाईलच्या माथ्यावरचा आकडा ४८,००० करायचा. ध्वनीला हात लागत नाही. टिक आणि गुणगुण नसती तर त्या फायली तेवढ्यावर वाचल्या असत्या.

टिक

टिकेसाठी मी फाईल मोठी करत करत एकेका सॅम्पलपर्यंत गेलो. तंबोऱ्याची रेषा गोलाईने वर चढते आहे, आणि मधेच दोन शेजारची सॅम्पल तंतोतंत सारखी. चढणारी रेषा एक पाऊल जागच्या जागी थांबते, मग पुढे चालू लागते. पुढच्या टिकेच्या जागी तेच, त्याच्या पुढच्याही. कार्ड दर तीन सेकंदांनी एक सॅम्पल दोनदा लिहीत होतं.

कारण असं. कार्डाचं मास्टर क्लॉक 'इंटर्नल'वर होतं. डेक आपल्या स्फटिकाच्या (क्लॉकची लय देणाऱ्या क्वार्ट्झच्या) ४८,०००ने सॅम्पल पाठवत होतं, कार्ड आपल्या स्फटिकाच्या ४८,०००ने ती घेत होतं. दोन तबलजींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकाच लयीचा ठेका धरायला सांगावा, तसं हे. दोघेही चांगले, दोघांची लयही पक्की, तरी तासाभराने सम एकत्र पडणार नाही. तीन सेकंदांत १,४४,००० सॅम्पल होतात आणि त्यात एकाची तफावत, म्हणजे दहा लाखांत सुमारे सात. साध्या स्फटिकांत दहा लाखांत काही दहांची तफावत चालते, म्हणजे हे दोन्ही स्फटिक उत्तमच म्हणायचे. उलट तफावत जास्त असती तर टिकांची खरखर झाली असती आणि कुणीतरी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. डेकचा स्फटिक किंचित संथ, म्हणून सॅम्पल कमी पडलं की कार्ड आधीचंच पुन्हा लिहायचं. डेक वेगवान असतं तर एक सॅम्पल गळलं असतं. ऐकायला दोन्ही सारखंच.

तासाच्या टेपेत अशा सुमारे १,२०० जागा. नातवाने विचारलं, "दादा, डी-क्लिक नावाचं फिल्टर आहे ना, ते लावलं तर?" मी त्याला ठाम नको म्हटलं. फिल्टर टिक झाकेल, पण ती ओळखताना जवारीतले टोकदार भाग आणि तबल्याची चाटही घासून काढेल. मूळ टेप हातात असताना, डेक चालू असताना फाईलवर मलमपट्टी करणं मला पटत नाही.

उपाय एका टिचकीचा: हार्डवेअर सेटिंगमध्ये मास्टर क्लॉक 'इंटर्नल'ऐवजी 'एस/पीडीआयएफ इन'. आता डेक लय धरतं आणि कार्ड तिच्यामागे चालतं. एका साखळीत क्लॉक एकच असतं, आणि टेप वाजत असताना ते वाजवणाऱ्याचंच असायला हवं.

पण एवढं करून थांबलो असतो तर पुढच्याच टेपेला त्रास झाला असता. परत जाणारी दुसरी वायर आठवा. डेकवर इनपुट 'डिजिटल' निवडलेलं होतं. टेप वाजताना डेक स्वतःचं क्लॉक वापरतं, पण थांबलं की इनपुटवर येणाऱ्या क्लॉकला धरतं. ते क्लॉक कार्डाचं. आणि कार्ड आता डेकला धरून. दोघंही एकमेकांच्या मागे. टेप थांबवली की पॅनेलमधला वेगाचा आकडा भरकटताना दिसायचा आणि पुढची टेप लावल्यावर स्थिर व्हायला वेळ घ्यायचा. परतीची वायर काढून टाकली. डेकवर काही लिहायचंच नव्हतं, मग ती असायला नकोच होती.

लेव्हल आणि गुणगुण

यात मला सगळ्यात जास्त रस होता, कारण घरोघरच्या संगणकांवर हा दोष ऐकू न येता बसलेला असतो.

एन्व्ही२४ कार्ड रेकॉर्डिंगला बारा वाहिन्या एकदम देतं. पहिल्या आठ अ‍ॅनालॉग इनपुटसाठी राखलेल्या, नववी-दहावी एस/पीडीआयएफची, आणि अकरावी-बारावी कार्डातल्या डिजिटल मिक्सरच्या बेरजेची. मिक्सर ऐकण्यासाठी आहे: वाजणारं आणि येणारं सगळं एकत्र करून हेडफोनला देतो, आणि प्रत्येकाला स्वतःची पट्टी असते जी वरखाली सरकवता येते. रेकॉर्डिंगचा स्रोत म्हणून हाच मिक्सर निवडला गेला होता. त्यात एस/पीडीआयएफची पट्टी बरीच खाली, आणि कॅसेट डेकच्या लाइन इनच्या पट्ट्या पूर्ण वर.

हे नुसतं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, कमी मोलाची एक टेप डेकमध्ये घातली आणि बाराही वाहिन्या २४ बिटांत एकाच वेळी रेकॉर्ड केल्या. मग नववी-दहावी आणि अकरावी-बारावी शेजारी मांडल्या.

पहिली तपासणी शांततेची. डेक थांबवलं की हे डेक नुसती शून्यं पाठवतं. नववी-दहावीत खरोखर शून्य होतं, आकड्याने शून्य, कितीही मोठं करून पाहिलं तरी सरळ रेषा. अकरावी-बारावीत रेषा थरथरत होती. तिचा स्पेक्ट्रम काढला तर ५० हर्ट्झ, १००, १५० अशी टेकाडं. म्हणजे आपल्या वीजपुरवठ्याची गुणगुण आणि तिची पिल्लं, बंद कॅसेट डेकच्या वायरीतून आलेली.

दुसरी तपासणी बिटांची. डॅटवर १६ बिट असतात. २४ बिटांच्या फाईलमध्ये ते सरळ उतरले तर खालचे आठ बिट कायम रिकामे राहतात. नववी-दहावीत रिकामे होते. अकरावी-बारावीत चोवीसच्या चोवीस नाचत होते. बिट नाचले की समजायचं, मधे कुणीतरी गुणाकार किंवा बेरीज केली आहे. पट्टी खाली ओढणं म्हणजे गुणाकारच. नातवाने फायली १६ बिटांत साठवल्या होत्या, आणि पट्टी सुमारे २० डेसिबल खाली होती. सहा डेसिबलला एक बिट या हिशेबाने टेपवरचे तळाचे तीन बिट त्या फायलींत आलेच नव्हते. आस विरताना जे शेवटचं उरतं ते याच बिटांत असतं. नंतर आवाज वाढवून ते परत येत नाहीत.

डिजिटल इनपुटला लेव्हल लावायची नसते, लावता येतच नाही. टेपवर जो आकडा आहे तो फाईलमध्ये यायचा. एखादी पट्टी सरकवून रेकॉर्डिंगची लेव्हल बदलत असेल, तर ती जागा रेकॉर्डिंगची नाही. सरांच्या टेपेत सर्वात मोठा आवाज शून्यापासून, म्हणजे डिजिटलच्या कमाल मर्यादेपासून, १२ डेसिबल खाली आहे, कारण ज्यांनी बैठक ध्वनिमुद्रित केली त्यांनी द्रुतासाठी जागा राखून ठेवली होती. शहाणा माणूस. फाईलही तशीच १२ डेसिबल खाली राहू द्यायची. ऐकायला मोठी हवी तर तिची दुसरी प्रत काढून तिच्यात वाढवा.

विंडोजवर याच गोष्टीची आणखी एक वाट आहे. तिथे प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्या मधे विंडोजचा स्वतःचा मिक्सर बसतो आणि डिव्हाइसच्या 'डिफॉल्ट फॉरमॅट'मध्ये जो वेग असेल त्यात सगळं ओढतो. तो टाळायला एक्स्क्लुझिव्ह मोड किंवा आसिओ ड्रायव्हर वापरायचा, आणि 'एन्हान्समेंट' नावाचं जे काही असेल ते बंद. नातवाच्या संगणकावर आम्ही आसिओ लावला, स्रोत 'एस/पीडीआयएफ इन' केला, रेट लॉक काढला.

खात्री

सगळं बसल्यावर तीच टेप दोनदा उतरवली. दोन्ही फायली पहिल्या सॅम्पलवर जुळवल्या, एकीची रेषा उलटी केली (वरचं खाली, खालचं वर) आणि बेरीज केली. दोन्ही सारख्या असतील तर उरायला हवं शून्य. उरलं शून्यच, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत.

तुलनेसाठी मास्टर क्लॉक पुन्हा 'इंटर्नल' करून तिसरी फाईल घेतली आणि तीच वजाबाकी केली. पहिले काही क्षण शांत. पहिली टिक आली, आणि तिच्यानंतर एक पातळ, शिट्टीसारखा तंबोरा ऐकू येऊ लागला. एक सॅम्पल सरकल्यामुळे वरच्या पट्टीचे स्वर आता एकमेकांना खोडत नव्हते. दुसऱ्या टिकेनंतर तो थोडा जाड झाला. तिसऱ्यानंतर आणखी. एका टिकेचा परिणाम तिच्या जागेपुरता नसतो, पुढची सगळी बैठक त्या एका सॅम्पलने सरकते, हे इतकं स्पष्ट ऐकायला मिळत नाही. सरांना मी हेडफोन दिला. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं.

कॅसेट

कॅसेटचं गणित उलटं. इथे लेव्हल ठरवावीच लागते, कारण मधे अ‍ॅनालॉग आहे आणि शून्याच्या वर गेलेलं परत मिळत नाही. घरगुती डेकची लाइन लेव्हल उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. स्टुडिओच्या यंत्रांची अधिक ४ डीबीयू, सुमारे १.२३ व्होल्ट. दोन्हींत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक. कार्डाचं इनपुट स्टुडिओच्या खुणेवर होतं, म्हणून कॅसेट दबकी येत होती. ते उणे १०वर आणलं आणि तेवढ्याने काम झालं.

लेव्हल कुठे लावायची हा खरा प्रश्न. बैठकीची सुरुवात आलापाने होते, म्हणून लोक आलापावर लेव्हल जुळवतात आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी द्रुत आणि टाळ्या फुटतात. कॅसेट घातली की आधी शेवटाकडे जावं. द्रुताची शेवटची तिहाई आणि त्यानंतरच्या टाळ्या, यांचं टोक उणे ८ डेसिबलच्या आसपास ठेवावं, आणि मग बाजू संपेपर्यंत हात लावू नये. डेकच्या काट्यावर भरवसा ठेवू नये. काटा सरासरी दाखवतो, तबल्याची चाट त्याला पोचायच्या आत होऊन जाते आणि काट्यापेक्षा सहज दहा डेसिबल वर असते. कॅसेटचा स्वतःचा खरखराट इतका असतो की २४ बिटांत आठ-दहा डेसिबल मोकळे सोडल्याने काही जात नाही.

कॅसेटमध्येही गुणगुण होती, डॅट डेकची डिजिटल वायर काढली की कमी व्हायची. तांब्याच्या वायरीने दोन यंत्रांची अर्थिंग जोडली जाते आणि दोन वेगवेगळ्या प्लगमधून फेरा पूर्ण होतो. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणली. काही लोक अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. तसं कधीही करू नये, त्यात जिवाला धोका आहे. कॅसेट उतरवताना डिजिटल वायर सरळ काढूनच ठेवतो, पण मग मास्टर क्लॉक परत 'इंटर्नल' करावं लागतं. नाहीतर कार्ड न येणाऱ्या क्लॉकची वाट पाहत बसतं आणि रेकॉर्डिंग अडखळतं. नातवाने दोन प्रोफाइल करून ठेवल्या आहेत, 'डॅट' आणि 'कॅसेट', एका क्लिकवर बदलणाऱ्या.

आता प्रत्येक डॅट दोनदा उतरते आणि वजाबाकी शून्य आल्यावरच तिच्या डबीवर खूण होते. काही टेपेत दोन-चार जागी शून्य येत नाही. तिथे टेपच झिजली आहे, डेक चुका दुरुस्त करू शकत नाही आणि दर वेळी थोडं वेगळं भरून काढतं. अशा टेप सरांनी वेगळ्या काढल्या आहेत. त्या एकदा दुसऱ्या डेकवर वाचून बघायच्या आहेत, कारण टेप वाचणारं डोकं (हेड) वेगळं असलं की कधी कधी तीच जागा नीट वाचली जाते.